गाऱ्हाणं कोणापुढे घालायचं?

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी ते बोटाने चाचपायचो आणि विचारायचो, हे काय गो? ती म्हणायची, "देवी इली होती माझ्याकडे." तिचा धाकटा भाऊ त्याच साथीत गेला. त्याच्याबद्दलही ती एवढंच बोलायची, "देवी त्येका घेवन गेली." रोग, साथ, मरण यांतला एकही शब्द तिच्या तोंडी मी ऐकला नाही. घरात पोरं तापाने फणफणत होती तेव्हा दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला होता, चुलीवर फोडणी बंद होती आणि सगळे हळू आवाजात बोलत होते, हे ती सांगायची. आलेल्या पाहुणीला राग येईल असं काही करायचं नव्हतं.

भारतात देवीचा शेवटचा रोगी 1975 साली सापडला. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला, पण शब्द राहिला. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही लस टोचण्याला 'देवी काढणं' म्हणतात.

देव प्रेमळ आहे, दयाळू आहे, भला आहे असं जवळपास सगळे धर्म का सांगतात, याचा विचार करायला लागलो की मी दर वेळी आजीच्या त्या वणांपाशी येतो. भावाला घेऊन गेलेल्या रोगाला ती देवी म्हणत होती. आई म्हणून हात जोडत होती. हे तिने कुठून शिकलं?

एक उत्तर सोपं आहे आणि ते खोटं नाही. भीतीतून शिकलं. आमच्या किनाऱ्यावर रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात किंवा 'लांबडं' म्हणतात. वाघाचा वाघोबा होतो. ज्याची भीती वाटते त्याला नात्यातलं किंवा निदान आदराचं नाव द्यायचं, म्हणजे तो वाकड्यात शिरणार नाही. ही चाल कोकणापुरती नाही आणि आजचीही नाही. ऋग्वेदातल्या रुद्राला ऋषी विनवतात की आमच्या लेकराला मारू नको, आमच्या नातवंडांना मारू नको, आमच्या गाईघोड्यांना हात लावू नको. ज्याच्याबद्दल ही धास्ती होती, त्यालाच पुढे 'शिव' म्हणजे मंगल हे नाव मिळालं. आरवलीचा वेतोबा घ्या. वेताळ हा भुतांचा राजा. पण आरवलीत तो गावाचा राखणदार आहे. रात्री गावाची फेरी मारताना त्याची पायताणं झिजतात म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. ज्याला पाहून पळायचं त्यालाच आपण गावाच्या पहाऱ्यावर ठेवलं.

माझे एक स्नेही नास्तिक आहेत. ते म्हणतात, संपलं की मग. देवाचा चांगुलपणा म्हणजे घाबरलेल्या माणसाने केलेली खुशामत. राजाला 'दयासागर' म्हणतात तसं.

त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख आहे. कारण आमच्याच गावात खुशामतीचं नातं कसं असतं ते मी पाहिलेलं आहे, आणि दुसरं नातंही पाहिलेलं आहे. दोन्ही वेगळी आहेत.

गावाच्या वेशीवर देवचार असतो, म्हणजे एक प्रकारचं भूत. त्याचा ठराविक मान आहे, नारळ, रोट, कुठे कुठे विडी. तो दिला की आपण मोकळे आणि तोही मोकळा. कोणी देवचाराला माउली म्हणत नाही. कोणी त्याच्यापुढे उभं राहून, तू असं का केलंस, असं विचारत नाही. काही बिनसलं तर मान चुकला असेल एवढंच म्हणायचं आणि पुन्हा नारळ ठेवायचा. हा व्यवहार आहे. ताकदवानाशी असा व्यवहार करता येतो आणि तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भागवता येतं.

देवळात मात्र गाऱ्हाणं असतं. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. शब्दाचा मूळ अर्थच तक्रार असा आहे. गावकार, म्हणजे गावाचा मानकरी, देवासमोर उभा राहतो, मागे सगळा गाव. तो मोठ्याने सुरुवात करतो, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..." मग कोणाच्या घरचं लग्न, कोणाचं दुखणं, कोणाची कोर्टातली केस, मुंबईच्या पोराची नोकरी, सगळं नावानिशी देवाच्या कानावर घातलं जातं. "काय चुकला-माकला आसात तर पदरात घी. पोरा-बाळांची, गुरा-ढोरांची, दर्यार गेलेल्यांची राखण कर रे म्हाराजा." आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

त्या 'व्हय म्हाराजा'कडे मी लहानपणापासून कान देऊन आहे. वरवर ती गावाची संमती आहे. पण नीट ऐकलं तर गाव साक्षीला उभा आहे. हे आम्ही तुझ्यापुढे बोललो, सगळ्यांनी ऐकलं, आता तू बांधलेला आहेस. पंचांसमोर शब्द घ्यावा तसा हा देवाकडून घेतलेला शब्द असतो.

देवाच्या चांगुलपणाचं मूळ मला इथे दिसतं. नुसत्या बलवानाला नैवेद्य देता येतो, पण त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. तक्रार करायची तर समोरच्यावर काही कर्तव्य आहे असं आधी मानावं लागतं. तो बाप आहे, राखणदार आहे, न्यायी आहे असं म्हटलं तरच, मग हे कसं झालं, असं विचारायचा हक्क मिळतो. देव भला आहे हे माणसाने जग बघून काढलेलं अनुमान असेल यावर माझा विश्वास नाही. कोकणात राहणारा माणूस तर तसं अनुमान काढूच शकत नाही.

काढणार कसं? याच किनाऱ्यावर भात पिकतं, हापूस लागतो, सुरमई-बांगडा मिळतो हे खरं आणि त्याबद्दलची कृतज्ञताही खरी. पावसाने भाताची खाचरं भरतात तेव्हा देवाचे उपकार मानावेसे वाटतात. पण तोच पाऊस. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने चढलं आणि तीन पिढ्यांनी लावलेल्या सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. त्यानंतर 22 जुलै 2021. वर महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस कोसळला. खाली महाड बुडालं, इकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं आणि महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला. 80हून अधिक माणसं त्या चिखलाखाली गेली. हे सगळं तराजूत घालून कोणी, एकूण बेरीज दयेच्या बाजूने झुकते, असं सांगत असेल तर त्याने तळीयेच्या चिखलात हाताने माती उपसणाऱ्यांना तोंडावर सांगावं.

आमच्या शेजारी एक काकी राहतात. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं तेव्हा त्यांचा मुलगा ट्रॉलरवर होता. बावीस वर्षांचा. तो परत आला नाही, त्याचं काही मिळालंही नाही. त्यानंतरची दोन वर्षं काकी देवळात गेल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी जत्रेला आल्या. हातात ताट होतं, ताटात नारळ नव्हता, फूल नव्हतं. मोकळं ताट घेऊन त्या सभामंडपात उभ्या राहिल्या. गाऱ्हाणं संपलं, माणसं पांगायला लागली, तशा त्या पुढे झाल्या आणि देवाला म्हणाल्या, "दर वर्साक तुका सांगत इलंय, माझ्या झिलाची राखण कर. मगे त्या दिसा तू खंय होतंस? माका जाब दी."

गुरव गप्प राहिला. दोघीतिघी बायका त्यांना धरायला पुढे झाल्या तर गावकाराने हाताने थांबवलं. तो म्हणाला, "बोलांदे तिका." काकी बराच वेळ बोलल्या. ते सगळं मी इथे लिहिणार नाही. शेवटी त्यांनी ते मोकळं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि घरी गेल्या.

पुष्कळ दिवसांनी मी धीर करून त्यांना विचारलं, काकी, देवाक असा बोलताना भय नाय वाटला? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही अडाण्यासारखं विचारलं होतं. "मग कोणाक बोलू? दर्याक? दर्याक कान आसत काय?"

मी तेव्हापासून धर्मग्रंथांतली दयेची वचनं वेगळ्या नजरेने वाचतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाला म्हणतो की आपण दोघे एका नावेत बसलो होतो, समुद्राच्या मध्यावर गेलो होतो, ती आपली मैत्री कुठे गेली? आणि लगेच पुढच्या सूक्तात म्हणतो, पाण्याच्या मधोमध उभा आहे मी आणि तहानेने जीव जातोय, दया कर. ज्या वरुणाच्या हातात पाश आहेत, जो बांधतो आणि शिक्षा करतो, त्याला तो जुन्या मैत्रीची आठवण देऊन खडसावतो आहे. काकींनी ही सूक्तं ऐकलेली नाहीत. पण समुद्र तोच, होडी तीच आणि प्रश्नही तोच.

यहुदी आणि ख्रिस्ती ज्याला आपला मूळपुरुष मानतात, मुसलमान ज्याला हजरत इब्राहिम म्हणतात, त्या अब्राहामाचं उदाहरण घ्या. सदोम शहर देव नष्ट करणार असं कळल्यावर तो देवापुढे उभा राहून विचारतो, तू दुष्टांबरोबर भल्यांनाही मारणार? साऱ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? आणि मग बाजारात घासाघीस करावी तशी तो करतो. पन्नास भले असले तर सोडशील? पंचेचाळीस? चाळीस? असं करत तो देवाला दहावर आणतो. शहर शेवटी वाचत नाही. पण त्या गोष्टीत देव त्याला, गप्प बस, असं एकदाही म्हणत नाही. आमच्या गावकाराला ही रीत लगेच ओळखू येईल.

कुराणात तर हा मुद्दा फारच उघड आहे. 114 पैकी 113 सूरांची, म्हणजे अध्यायांची, सुरुवात रहमान आणि रहीम या दयावाचक नावांनी होते. सहाव्या सूरेत असं वचन आहे की तुमच्या पालनकर्त्याने दया स्वतःवर लिहून घेतली आहे, म्हणजे बंधनकारक करून घेतली आहे. मला हा शब्दप्रयोग विलक्षण वाटतो. सर्वशक्तिमान असलेला स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून घेतो. सही करून कागद माणसाच्या हाती देतो. मिरकरवाड्याच्या जेटीवरून पहाटे बिस्मिल्ला म्हणून होडी लोटणारा दालदी, म्हणजे मुसलमान कोळी, हा कागद बरोबर घेऊन निघालेला असतो.

रहमान आणि रहीम या शब्दांचं मूळ अरबीत जे आहे त्याच मुळातून गर्भाशयाला शब्द आलेला आहे. हिब्रूतही तसंच, दयेला 'रहमीम' आणि गर्भाशयाला 'रेहेम'. आणि आपण मराठीत काय म्हणतो? माउली. अरबी आणि हिब्रू तर बहिणीच, पण मराठीनेही त्यांना न विचारता बोट त्याच जागी ठेवलं. तिथे भीती नाही आणि खुशामतही नाही. राजाला कोणी गर्भाशयाची उपमा देत नाही. आई म्हटलं की तिच्यावर लेकराचा हक्क आला, रडण्याचा हक्क, हट्टाचा हक्क आणि वेळ आली तर रुसून जेवण नाकारण्याचाही. तुकोबा दुष्काळात बायको गमावलेला माणूस. त्यांनी विठ्ठलाशी कडकडून भांडण मांडलं आणि एका अभंगात तर माझ्यापुरता देव मेला असं म्हणून टाकलं. महाराष्ट्राने तो अभंग जाळला नाही. गाथेत ठेवला.

आमच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी ज्यांना 'शनवार तेली' म्हटलं, ते हे लोक. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष, सात बायका एवढीच माणसं जिवंत किनाऱ्याला लागली. बाकीच्यांना तिथेच पुरलं. ज्या समाजाची आठवण अशी बुडालेल्या माणसांपासून सुरू होते, त्याच समाजातल्या सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत प्रार्थनामंदिर बांधलं. आज ते 'शआर हारहामीम' म्हणून ओळखलं जातं. अर्थ, दयेचं दार. या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता असं कोण म्हणेल? ते आजही एलियाहू हानाबी या आपल्या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतात. ताट आपल्याच किनाऱ्याचं आहे.

आता दुसरी बाजू. देव भला आहे असं एकदा म्हटलं की पंडितांपुढे अडचण उभी राहते आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे ओळखलेली आहे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगितला जाणारा पेच प्रसिद्ध आहे. दुःख थांबवायची देवाची इच्छा आहे पण शक्ती नाही, की शक्ती आहे पण इच्छा नाही? आपल्याकडे ब्रह्मसूत्रात हाच आरोप दोन शब्दांत मांडला आहे, 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य'. पक्षपात आणि निर्दयपणा. एका धर्मपरंपरेने आपल्याच ईश्वरावर असं स्वच्छ आरोपपत्र लिहून ठेवावं, याचा मला अभिमान वाटतो.

उत्तर मात्र मला पटत नाही. सूत्र म्हणतं की ईश्वर जिवांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टान्त देतात. भाताला आणि जवाला पाऊस सारखाच, पीक वेगळं येतं ते बियाण्यातल्या फरकाने. दृष्टान्त सुंदर आहे. वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आम्हाला तो लगेच कळतो. पण त्याच पावसात डोंगराखालचं घर जातं आणि रस्त्यापलीकडचं राहतं, तेव्हा बियाण्याचा हिशेब कोणाच्या गळी उतरवायचा? काकींच्या पोराने काय पेरलं होतं? देवाची सुटका करता करता हे उत्तर मेलेल्यालाच आरोपी करतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरलं. माणसं चर्चमध्ये प्रार्थनेला जमली होती, त्यांच्यावर छपरं कोसळली. मागून समुद्र आत आला, मग आगी लागल्या. वसई आणि कोर्लईला ज्यांनी किल्ले बांधले, त्या पोर्तुगीजांची ही राजधानी. तिथल्या एका जेझुइट धर्मगुरूने पुढच्याच वर्षी लिहून काढलं की ही पापांची शिक्षा आहे. प्रार्थनेला गेलेलीच माणसं गाडली गेली होती, तरीही.

बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत या प्रकाराचा निकाल लागलेला आहे, फक्त तो कोणी लक्षात ठेवत नाही. ईयोबाची मुलं मरतात, अंगाला फोड येतात. त्याचे मित्र त्याला समजावतात की देव न्यायी आहे, तेव्हा तूच काहीतरी केलं असणार. ईयोब ऐकत नाही, तो देवालाच जाब विचारत राहतो. शेवटी देव बोलतो तेव्हा त्या मित्रांवर रागावतो. माझ्याबद्दल खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं सांगतो. म्हणजे देवाची वकिली करणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला.

मला हे आज लिहावंसं वाटलं कारण आपल्याकडे हे मित्र फार वाढले आहेत. तळीयेनंतर, चिपळूणनंतर, प्रत्येक वादळानंतर मोबाईलवर निरोप फिरतात. गावाने अमुक रीत मोडली, देवस्थानाचा मान चुकवला, पोरी अशा वागायला लागल्या, म्हणून देव कोपला. पाठवणारी माणसं दुष्ट नसतात. बरेचसे माझ्या ओळखीचे असतात, सकाळ-संध्याकाळ दिवा लावणारे. त्यांना मी हात जोडून विचारतो, तुम्ही रोज ज्याला माउली म्हणता ती रीत चुकली म्हणून झोपलेल्या लेकरावर डोंगर ढकलेल? हे खरं मानलं तर माउली हा शब्द परत घ्या. देवचाराला देता तसा मान द्या आणि गप्प बसा. दोन्ही एकदम चालणार नाही.

आणि 'देवाची इच्छा' या शब्दांनी माणसांचे दोष किती सहज झाकले जातात तेही पाहायला हवं. डोंगराचा पायथा कोणी खणला, नदीच्या पात्रात गाळ का साचू दिला, खवळलेल्या समुद्रात होड्या कोणी पाठवल्या, इशारा मिळाला होता तर तो वाडीपर्यंत का पोचला नाही, हे प्रश्न देवाच्या इच्छेपाशी येऊन विरून जातात. भल्या देवावर खरोखर विश्वास असेल तर हे त्याच्या नावावर खपवून घेताना जीभ अडखळायला हवी.

देवाला चांगलं म्हणण्याचा दुसरा एक परिणाम असा की ते नाव देवाच्या पुजाऱ्यांवरही उलटतं. महाडला 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी हूल उठवून त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे तळ्यात पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून ते 'शुद्ध' करण्यात आलं. पाणी ज्याने दिलं असं मंत्र म्हणणारे मानत होते, त्याच्याच नावाने हे झालं. चार वर्षांनी, 1931 साली, रत्नागिरीत सर्व जातींसाठी देऊळ उभं राहिलं. सावरकरांनी पुढाकार घेतला, भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला. देवळाला नाव दिलं 'पतितपावन'. पतितांना पावन करणारा हे देवाचं जुनंच नाव होतं. शतकानुशतकं ते म्हणत आलेल्यांनाच त्या नावाचा हिशेब विचारला गेला. 1947 च्या मे महिन्यात दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. त्यांची मागणीही हीच होती की माउली म्हणता ना, मग दार उघडा.

आंबेडकर मात्र थांबले नाहीत आणि थांबण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करू नये. 14 ऑक्टोबर 1956 ला त्यांनी बौद्ध धम्म घेतला. तिथे करुणा आहे, पण जगाचा कर्ता असा देव नाही. माझ्या युक्तिवादाला हा खरा आक्षेप आहे आणि मी तो टाळू इच्छित नाही. दयेसाठी देव लागतोच असं नाही. ज्या दारात पिढ्यान्‌पिढ्या गाऱ्हाणं घालून कोणी ऐकलं नाही, त्या दाराकडे पाठ फिरवण्याचा हक्क गाऱ्हाणं घालणाऱ्याला असतोच. मंडणगडजवळच्या आंबडव्यात, त्यांच्या मूळ गावी, जाऊन उभं राहिलं की भल्या देवाबद्दल लिहिणाऱ्या माझ्यासारख्याची लेखणी थोडी जड होते, आणि ते योग्यच आहे.

मी स्वतः देव मानतो. तो भला आहे हे मी सिद्ध करू शकत नाही. फयानच्या दिवशी तो कुठे होता, हेही मला सांगता येत नाही. ज्यांना ते सांगता येतं असं वाटतं त्यांची मला भीती वाटते. मला एवढंच कळतं की त्याला भला म्हणायचं सोडलं तर काकींनी ज्याच्यापुढे मोकळं ताट धरलं तो समोरून निघून जाईल आणि मागे नुसता दर्या उरेल. त्याला भला म्हणून काकींनाच गप्प केलं, तर उरलेल्याला मी देव म्हणणार नाही.

काकी आता दर वर्षी जत्रेला येतात. ताटात नारळ असतो. गाऱ्हाण्याला त्या बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या राहतात. लोकांच्या सुखदुःखाला, लग्नकार्याला, कोणाच्या म्हशीला, कोणाच्या परीक्षेला त्यांचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांबरोबर ऐकू येतो, आवाज अजून खणखणीत आहे. फक्त "दर्यार गेलेल्यांची राखण कर रे म्हाराजा" हे वाक्य आलं की त्या तोंड मिटून समोर देवाकडे बघत राहतात. कोणी त्यांना कोपराने डिवचत नाही. गावकार आता म्हातारा झाला आहे, बाकीची वाक्यं भराभर उरकतो, पण या वाक्यापाशी तो थांबतो. सगळ्यांचा 'व्हय म्हाराजा' होऊन गेल्यावरही क्षणभर थांबतो, आणि मगच पुढचं नाव घेतो.